थोरल्या वन्संच्या मुठीची ज्वारी

केंदूरला आमच्या सासरी एक रीत हुती. ज्वारी पेरताना पाभरीच्या चाड्यात बियाची पहिली मूठ सोडायची ती माझ्या थोरल्या नणंदेनंच. तिचा हात लागला की रास वाढती, असं सासऱ्यांचं म्हणणं.

त्या साली हस्ताचा पाऊस बरा झाला. रानाला पेरणीजोगता वापसा आला, सगळ्यांच्या पाभरी चालू झाल्या, आन् आमची मात्र अंगणात उभी. का, तर वन्सं तिकडं दौंडला आजारी सासूपाशी अडकलेल्या.

"मामंजी, ओल उडून चाललीय. आपणच धरू की मूठ."

"तू गप ऱ्हा. कालची आलीस, तुला काय कळतंय?"

व्हय, मला काय कळतंय! केडगावला माझ्या बापानं मला शेतातच वाढवली, पण सून म्हंजी बिनडोक.

वन्सं आल्या तवा ढेकळं कडक झाली हुती. आमच्या नेहमीच्या मालदांडी ज्वारीची वेळ गेली, म्हणून सासऱ्यांनी लवकर येणाऱ्या बियाणाची पिशवी आणली. वरातीमागून घोडं! उगवलं कसंबसं, पण वरून परत थेंब न्हाई. गुडघ्याएवढी झाली आन् तिथंच खुरटली.

पिकाचं मेलं काय व्हायचं ते होवो, माझा जीव लेकीत हुता. बाळंतपणातल्या तापानं माझं दूध तुटलं हुतं. तान्ही पोर दावणीच्या एकुलत्या एका गाईवर जगत हुती. कडबा संपत आला तशी गाय बी आटाय लागली. पोर वाटी चाटून रडायची, आन् मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी हुतं.

"हिरवं खाल्लं की पान्हा फुटंल," असं म्हणत सासऱ्यांनी एका सकाळी त्याच ज्वारीचा भारा कापून आणला. नातीसाठीच आणला, खोटं कशाला बोलू. गाय अधाशासारखी तुटून पडली. मी भांडी घासून उठते न उठते तोच तिचे पाय लटपटले. तोंडाला फेस, डोळे पांढरे. मी गुळाचं पाणी पाजाय धावले, पण तिचं गिळणंच थांबलं हुतं. "अगं उठ गं माझी बाय," म्हणत मी तिच्या गळ्यात पडले. न्हाई उठली.

जनावरांचे डॉक्टर फटफटीवरून आले, पण उशीर झाला हुता. त्यांनी भाऱ्यातली दोन ताटं हातात घेतली. "उशिरा पेरलेली, त्यात हे वाण, आणि पाण्याविना खुरटलेली. अशा कोवळ्या ज्वारीत विष साठतं. वेळेवर पेरलेली मालदांडी एव्हाना निसवून कणसावर आली असती, मग एवढी भीती नसती."

सासऱ्यांनी तांब्या उचलला आन् वस्तीवर दूध मागाय गेले. तसल्या साली कुणाच्या गाईला दूध असणार? रिकामाच तांब्या घेऊन आले.

पोर टाहो फोडत हुती. मला सुचंना. मी तिला पदराखाली घेतली. केवढ्या आशेनं लुचाय लागली ती! ओढ ओढ ओढलं, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिच्या तोंडात काही न्हाई.

"न्हाई गं बाळा, न्हाई त्यात काही," मी म्हणाले.

सासरे दारात उभे हुते. ते तिथंच खाली बसले.