गाडी कुणाच्या नावावर

गाडी घ्यायची मी ठरवली तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर नवऱ्याने केली. कधी म्हणायचा, बनारसच्या ट्रॅफिकमध्ये ती चालवणार कुठे. कधी म्हणायचा, रस्त्यात बॅटरी संपली तर ढकलणार कोण. खरं कारण मला ठाऊक होतं. त्याला चारचाकी चालवता येत नाही आणि मला येते. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना एवढी सवलत घ्यायला हरकत नसावी.

मी सरकारी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. माहेर नागपूरचं, सासर काशीचं. सासरची मंडळी कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आली आणि संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहिली. सासरे वेदपाठशाळेत शिकवायचे. त्या गल्लीत सायकलसुद्धा सांडाची मर्जी सांभाळून न्यावी लागायची, त्यामुळे गाडीचा विचार कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. सासऱ्यांच्या पश्चात आम्ही सुंदरपूरच्या बाजूला फ्लॅट घेतला. तिथे खाली पार्किंग मिळालं, आणि ती रिकामी चौकट मी दहा वर्षं बघत होते. चाळिशीनंतर लायसन्स काढलं होतं, तेही पाकिटात पडून होतं.

विजेचीच गाडी घ्यायची हे मी हिशेबी स्वभावामुळे ठरवलं. शाळा बावीस किलोमीटरवर, जाऊन-येऊन चव्वेचाळीस. घरी प्लग लावून ठेवला की भागतं. शिवाय सरकारने विजेच्या गाड्यांना रस्ता कर आणि नोंदणीचं शुल्क माफ केलं होतं, आणि पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला वर सबसिडी ठेवली होती. ती पोर्टलवर अर्ज करून नंतर खात्यात येणार होती. रक्कम चांगली घसघशीत होती आणि योजनेची मुदत दोन महिन्यांत संपत होती. फुकट मिळणारं सोडून द्यायचं माझ्या तत्त्वात बसत नाही.

शोरूममध्ये आम्ही तिघंही गेलो. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंनी चौऱ्यांशी पूर्ण केली आहेत, गुडघे गेलेत, पण नवीन वस्तू बघायची हौस जराही कमी झालेली नाही. त्या थेट पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि काच खाली-वर करू लागल्या. मी पांढरी गाडी पसंत केली. विक्रेता माझ्याच वयाचा, पान खाणारा, अतिशय अदबीचा माणूस होता. त्याने कागदपत्रं मागितली. मी फाइल पुढे केली. त्याने लायसन्स पाहिलं, पॅन पाहिलं, मग आधार कार्ड पाहिलं, आणि मग तिन्ही पुन्हा पाहिली.

“मैडम, ये दूसरी वाली मैडम कौन हैं?”

मी म्हटलं, मीच.

त्याला समजावून सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. आमच्यात लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव म्हणजे वडिलांचं काढून नवऱ्याचं लागतं, एवढं त्याला चालण्यासारखं होतं. पण नवरा तबकात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो, मग सगळ्यांना पेढे वाटतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी त्या नव्या नावाला ओ देते, हे ऐकून त्याने पानाची पिंक टाकायला जायचंसुद्धा थांबवलं. त्याने नवऱ्याकडे असं पाहिलं, की मला मनातून बरं वाटलं.

माझ्या बाबतीत गोष्ट अशी होती. नोकरी लग्नाआधीच इथल्या शाळेत लागली होती, म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रापासून पगाराच्या खात्यापर्यंत सगळीकडे माहेरचं नाव. पॅन आणि लायसन्स त्यावरूनच निघालं. रेशन कार्डावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांत आणि घरात सासरचं. त्या दोन नावांत तीनपैकी एकही पद जुळत नाही. आधारचा कॅम्प लागला तेव्हा अर्ज नवऱ्याने भरला होता, सासरच्या नावाने. मी शाळेतून धावत गेले, बोटांचे ठसे दिले, डोळे दाखवले, आणि न वाचता सही करून परत वर्गावर गेले. मुलींना रोज ओरडते, उत्तर लिहिण्याआधी गणित पुन्हा वाचा म्हणून. स्वतः मात्र ताळा केला नाही. बँकेत आणि शाळेत आजवर कचेरीतलं एक शपथपत्र लावून निभावलं होतं, की या दोन्ही बाया एकच आहेत.

“हम तो समझ गए, मैडम,” विक्रेता म्हणाला, “लेकिन पोर्टल नहीं समझेगा।”

पोर्टलवर आधार, खातं आणि गाडीची नोंदणी या तिन्हींवर एकच नाव लागत होतं. शपथपत्र जोडायला तिथे जागाच नव्हती. आधारवर माहेरचं नाव परत आणायचं तर वर्तमानपत्रात जाहिरात, मग राजपत्रात प्रसिद्धी, मग दुरुस्ती. तेवढ्यात मुदत संपून जाण्याचीच शक्यता जास्त. दुसरा मार्ग विक्रेत्यानेच सुचवला. साहेबांची सगळी कागदपत्रं एका नावाची आहेत, त्यांनीही आजवर गाडी घेतलेली नाही. गाडी साहेबांच्या नावावर घ्या, सबसिडी आरामात मिळेल.

घरी येईपर्यंत हा मार्ग नवऱ्याला फारच आवडला होता. इतके दिवस ज्या गाडीत त्याला शंभर दोष दिसत होते, तिचा पांढरा रंगसुद्धा आता त्याला शोभिवंत वाटू लागला. जेवताना तो म्हणाला, चालवणार तर तूच आहेस, पैसे तुझे असले तरी घर एकच आहे, आणि गाडीला थोडीच कळणार आहे ती कुणाच्या नावावर आहे.

मला कळणार होतं. पण हे बोलून दाखवायची मला लाज वाटली. एकीकडे हातची रक्कम, दुसरीकडे एका कागदावरचा शब्द. एखाद्या मुलीने मला हे उदाहरण घातलं असतं तर मी क्षणात उत्तर काढून दिलं असतं. आणि तरीही मी हट्टाला पेटले. मी म्हटलं, सबसिडी गेली तरी चालेल, नोंदणी माझ्या नावावर होईल, माझ्या माहेरच्या नावावर. नवरा म्हणाला, म्हणजे आमचं नाव तुला जड झालं. मी म्हटलं, जड नाही झालं, तुम्ही ठेवलंत तेव्हा मला विचारलं नव्हतं एवढंच. तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणाले. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

सासूबाई पलंगावर बसून मटार सोलत होत्या. माझं सासरचं नाव त्यांनीच निवडलं होतं. नवऱ्याने फक्त तांदळात लिहिलं. त्यांच्या समोर बोलून गेले म्हणून माझे कान गरम झाले. त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी दोन शेंगा सोलल्या आणि मुलाकडे न बघताच बोलल्या.

“गाडी हिच्या नावावर घे. हिच्या आईनं ठेवलेल्या. आणि कागदाची भागदौड तूच कर, आधारचा फॉर्म तूच भरला होतास ना?”

नवऱ्याने मान डोलावली. आईपुढे त्याचं आजवर काही चाललेलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांनी मटारातून डोकं वर काढलं नाही, आणि मला वाटलं, हिशेबी बाई आहेत, घरात कटकट नको म्हणून तोडगा काढला असेल.

पुढचे सहा आठवडे नवऱ्याने जे केलं त्याचं मला आजही कौतुक आहे, जरी त्याला मी ते सांगितलेलं नाही. त्याने कचेरीतला वकील गाठला. हिंदी वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात दिली, की अमुक नावाची स्त्री यापुढे आपल्या मूळ नावाने ओळखली जाईल. छापून आलं त्या सकाळी त्याने पेपर आणून माझ्यासमोर ठेवला आणि चहा स्वतः केला. त्यात साखर नव्हती, तरी मी प्यायले. मग राजपत्राचा अर्ज, मग चलन, मग एका शिक्क्यासाठी तीन फेऱ्या. खिडकीवरचा बाबू दर वेळी विचारायचा, तलाक हुआ है क्या? नवरा दर वेळी सांगायचा, नाही, गाडी घेतोय. हे तो घरी येऊन सांगायचा तेव्हा सासूबाई पदराने तोंड झाकून हसायच्या. मधल्या काळात आम्ही एकदाही भांडलो नाही. भांडायला त्याच्याकडे वेळच नव्हता.

गाडीची नोंदणी माहेरच्या नावाने आधीच होऊन गेली, कर आणि शुल्क माफ झालं. आधार दुरुस्त होऊन आलं तेव्हा मुदत संपायला चार दिवस राहिले होते. त्याच संध्याकाळी आम्ही अर्ज भरला. नवरा चष्मा लावून एकेक अक्षर टाइप करत होता आणि मी या वेळी प्रत्येक रकाना तीनदा वाचला. अर्ज स्वीकारला गेला. रक्कम अजून आलेली नाही. पोर्टल उघडलं की ‘विचाराधीन’ असं दिसतं, आणि मी महिन्यातून एकदा ते उघडते. येईल तेव्हा येईल.

गाडी आणायला अर्जानंतरच्या रविवारी सकाळी गेलो. शोरूमच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव लावलं होतं. माहेरचं, तिन्ही पदांसकट, बाबांच्या नावासह. मी साठीला टेकलेली बाई, पण मला हुंदका आला. विक्रेत्याने घाईघाईने पाण्याची बाटली आणली. त्याला वाटलं, अक्षरांत चूक झाली. सासूबाईंनी चाकांना हळदकुंकू लावलं, लिंबू ठेवलं, आणि आपली काठी माझ्या हातात देऊन पुढच्या सीटवर चढल्या. नवरा मुकाट्याने मागे बसला.

ठरल्याप्रमाणे आधी संकटमोचनच्या मारुतीला जाऊन मग सामने घाटाच्या पुलावरून रामनगरकडे निघालो. मी तीसच्या वर जात नव्हते. ई-रिक्षावाले दोन्ही बाजूंनी घुसत होते आणि नवरा मागून ब्रेक दाबल्यासारखे पाय आपटत होता. पूल लागला तशी गर्दी विरळ झाली. उन्हात गंगा पसरलेली होती. या गाडीची एक गंमत आहे. इंजिनाची घरघर नसल्यामुळे आत कुणी पुटपुटलं तरी ऐकू येतं. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. मग लक्षात आलं, त्या माझंच नाव म्हणून बघत होत्या, पडद्यावरचं, हळूहळू, जिभेला सवय करून घेतल्यासारखं.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “मी त्या वेळी बदलायला नको होतं.”

मी म्हटलं, असू दे आई, सगळ्यांच्याच घरी बदलतात.

“हो. माझंही बदललं होतं. सोळा वर्षांची होते. काय होतं ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. मी आरशात मागे बघितलं. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. साठ वर्षांचा माणूस, आईच्या औषधांच्या वेळा तोंडपाठ, पण हे ठाऊक नाही. त्याने कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तीस वर्षं माझ्या नावाची सल मी एकटीच बाळगून आहे असं समजून बसले होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

सासूबाईंनी नाव सांगितलं. लहानसं, दोन अक्षरी, जुन्या वळणाचं नाव. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते त्यांचं आहे. त्या म्हणाल्या, आई होती तोवर माहेरी गेलं की ऐकायला मिळायचं. ती गेली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. भाऊही गेले. आता या नावाने ओळखणारं माणूस कुणी राहिलं नाही.

पूल उतरल्यावर रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाची गाडी होती, तिच्यापुढे मोकळी जागा होती. मी तिथे गाडी थांबवली. सासूबाईंनी खिडकीची काच वर केली, बाहेरचा आवाज बंद झाला.

“एकदा हाक मार,” त्या म्हणाल्या.

सासूला नावाने हाक मारायची म्हणजे काय हे आमच्याकडच्या कुठल्याही सुनेला विचारावं. मी गाडी बंद केली. मग मी समोरच्या काचेकडे बघत, एखाद्या मुलीला खेळता खेळता जेवायला बोलवावं तशी त्यांना हाक मारली.

“ओ,” सासूबाई म्हणाल्या.