यशोधराबाईचं भाषांतर

आमच्या कात्रपच्या ख्रिस्ती मंडळीत इंग्रजी बोलणारा पाहुणा आला, की लोक त्याच्याकडे कमी आणि यशोधरेकडे जास्त बघत. मंडळी म्हणजे किराणा दुकानावरचा भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोन माइक. एक संदेश, म्हणजे प्रवचन, देणाऱ्याचा, दुसरा त्याचं मराठी करणाऱ्या यशोधरेचा. पाहुण्याने हात उंचावला की हिचा हात वर. तो गरजला की ही पाच फुटांची बाई चवड्यांवर. तो रडला, की एका वाक्याच्या अंतराने हिचाही रुमाल बाहेर!

मी चिडवायचो, "बाई, त्याला शिंक आली तर गं?"

"शिंकेन! पदरचं घालत नाही, त्याचं गाळत नाही. विश्वासू सेवा म्हणतात त्याला, काका."

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठकडे ती पत्रं लिहायची. शेठने दिलेली शिवीसुद्धा शुद्ध इंग्रजीत जाते, अशी आमच्याकडे बातमी होती.

कुळगावच्या म्हाताऱ्या कौसाबाईला तिचं भारी कौतुक. "त्या साहेबाचा मना काय नाय समजत. तू बोललीस का देव बोलला." यशोधरा लाजायची, पण पुढच्या रविवारी साडीची इस्त्री जास्त कडक असायची, हे मी पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी लोकांचा विश्वास जागवायच्या उज्जीवन सभेला एक बडे पाहुणे आले. बोलता बोलता म्हणाले, गोळ्या, इन्शुलिन, हे सगळं तुमच्या अविश्वासाचं सामान. विश्वास असेल तर आजच फेकून द्या. यशोधरा थांबली. क्षणभरच. मी शेजारच्या गंगूला कोपराने ढोसलं, "बाई अडकली बघ!" पाहुण्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग ती बोलली. खणखणीत. त्यांनी हात झटकला होता, तोसुद्धा झटकला.

कौसाबाईने त्याच संध्याकाळी इन्शुलिन कचऱ्यात टाकलं. मुलाला, कैलासला, सांगितलंच नाही. नवव्या दिवशी तिची माती झाली.

कबरीजवळ कैलास यशोधरेपुढे येऊन उभा राहिला. "तो पाहुणा कोण, मला ठाऊक नाही. दवाखान्यात मी आईला विचारलं, असं का केलंस? म्हणाली, यशोधराबाईने सांगितलं."

मंडळीचे प्रमुख, पाळकसाहेब दिनानाथ, तिला समजावत होते, "तू फक्त भाषांतर केलंस. दोष तुझा नाही."

"खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, साहेब. माइक माझ्या हातात होता. मला हे मंडळीसमोर सांगू द्या."

"मंडळीची नाचक्की होईल. देवापुढे प्रार्थनेत ठेव."

महिन्याने दुसरे पाहुणे आले, साधे, हसतमुख. माइक घेऊन म्हणाले, "गुड मॉर्निंग."

त्याचं भाषांतर यशोधरेने पाच मिनिटं केलं.

"मागच्या सभेत मी इथून खोटं बोलले. बोलायच्या आधीच मला कळलं होतं. मोठ्या माणसासमोर गप्प राहायची हिंमत झाली नाही. औषधं घ्या. औषधं टाका असं देवाने सांगितलेलं नाही. कौसाबाईचा विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणू नका. तिने तो माझ्यावर ठेवला."

पाहुणे बिचारे मान डोलवत होते. मराठीत गुड मॉर्निंग फार लांब असतं, असं त्यांना वाटलं असावं. एरवी मी या गोष्टीवर महिनाभर जगलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही. दिनानाथांनी उठून तिच्या हातातून माइक काढून घेतला, तो आजतागायत परत दिला नाही.

उपासना संपायची वाट न बघता ती कुळगावला निघाली. मीही मागोमाग गेलो. कैलासने दार उघडलं. "या" म्हणाला नाही. तिने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द न गाळता.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तेव्हाच का नाही बोललात, बाई? आई समोरच बसली होती."

यशोधरेचे ओठ हलले. मी अगदी शेजारी होतो. आवाज आला नाही.

कैलासने दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. ती पायरीवर बसली. मी जन्माचा बडबड्या, तिच्या बाजूला नुसता बसून राहिलो.