काजळ घातलेली मेंढरं

लेकीकडे स्पेनला आले आहे. इथल्या तेरुएलच्या माळावर मेंढरांचा कळप दिसला आणि मी थबकलेच. अंगानं पांढरी, पण प्रत्येकाच्या डोळ्यांभोवती काळं, घरच्या बाईनं बोटानं काजळ भरावं तसं. जातीचं नाव ओखिनेग्रा, म्हणजे काळ्या डोळ्यांची. मटणासाठीच पाळतात, लेक म्हणाली.

आमच्याकडे माणदेशात कोकरू जन्मलं की आई स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्याच्या कपाळाला तीट लावायची. आबा हसायचे, "इकायच्या कोकराला तीट कशाला?" ती म्हणायची, "इकंपर्यंत तरी आपलंच हाय नव्हं."

हे मी लेकीकरवी इथल्या कळपाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सांगितलं. त्यानं हातातली काठी कळपाकडे केली. मग म्हणाला, "आमची तर जन्मतःच काजळ घालून येतात. तरी दर शुक्रवारी खाटकाची गाडी येते."

एक कोकरू माझ्या पायाशी येऊन उभं राहिलं. माझं बोट आपोआप डोळ्याच्या कडेला गेलं. काजळ घालणं सोडून कितीतरी वर्षं झाली, बोट कोरडंच निघालं. मी ते तसंच त्याच्या कपाळाला टेकवलं.