कमलअक्का उठल्या की टॅब रिकामा

आधीच सांगतो — भूत, करणी, दैवी कृपा, मी काहीही मानत नाही. धुळ्यात चौकाचौकात भोंदूबाबांविरुद्ध पत्रकं वाटतो मी. खाली कॉमेंटमध्ये कोणी "शांती करून घ्या" लिहिलं, तर उत्तर मिळेल. गोड नसेल.

पोटासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. दोंडाईच्याला स्टेशनकडे जाताना एक वजनकाटा आहे. मिरचीच्या, कापसाच्या गाड्या तिथे तोलतात. मालक आबा. काट्यावर कमलअक्का — नवरा गेलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. आबा मला म्हणाले होते, "सॉफ्टवेअर असं कर, कोणीबी चालवेल."

का, ते काम संपल्यावर कळलं. अक्कांना काढून जावयाला बसवायचं होतं! कामगारांसाठी घसा फोडणाऱ्या माझ्याच हातून... डोकं फिरलं. भांडलो. आबा थंडपणे म्हणाले, "पत्रकं बाहेर वाट. इथं प्रोग्रॅम चालू कर."

तीन टॅब होते — भरलेली गाडी, रिकामी गाडी, पावती. जावई बसले, दुसरा टॅब दाबला... नुसतं राखाडी. ना रकाने, ना बटण.

दुखणं ओळखीचं होतं. मागे झाकलेल्या टॅबमधल्या पॅनेलला, म्हणजे रकाने-बटणांच्या चौकटीला, कधीकधी रुंदीच मिळत नाही. टॅब उघडताना मांडणी नव्याने मोजायला लावायची. लावली. राखाडी. मग मापं ठोकून पक्की केली. राखाडीच! माझ्या लॅपटॉपवर मात्र तोच प्रोग्रॅम चोख.

बाहेर गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला. काम समजावून द्यायला थांबलेल्या अक्का कोपऱ्यातून उठल्या, मला म्हणाल्या, "भाऊ, ऊठ जरा. मी बसस."

बसल्या. टॅब दाबला. रकाने, बटणं — बठ्ठं, सगळं जागच्या जागी.

"काय केलं तू?" आबा ओरडले.

"मी काय करू? बटन दाबं."

मग मी तपासायला लागलो. खुर्ची बदलली, माउस बदलला. अक्का खुर्चीत आणि टॅब मी दाबला — दिसलं. अक्का माझ्या मागे उभ्या — राखाडी.

दुसऱ्या दिवशी आबांनी मॉनिटरला लिंबू-मिरची टांगली. माझा पारा चढला, पण मी तोंड उघडायच्या आत जावयाने टॅब दाबून पाहिला. राखाडी. अक्का आल्या, लिंबू-मिरची सोडवून जावयाच्या हातात ठेवली. "जवाईबापू, घर लई जा. भाजीमा टाका." आणि बसल्या. टॅब उघडला.

अक्कांची नोकरी टिकली. जावई आता पेट्रोल पंपावर असतात.

चळवळीतले मित्र डोळा मारतात — "कोडमध्ये तूच काहीतरी घातलंस ना?" नाही घातलं. जळगावच्या एका मित्राने ओळ न् ओळ वाचली, त्यालाही काही सापडलं नाही. खरं सांगू? घालायला हवं होतं. सुचलंच नाही. मग हे केलं कोणी?... चमत्कार म्हणणार नाही. पण दुसरा शब्द आहे का माझ्याकडे? नाही. याचाच संताप होतो.

परवा पुन्हा गेलो होतो. अक्का पाणी प्यायला उठल्या, मी पटकन त्यांच्या जागी बसलो आणि टॅब दाबला.

राखाडी.

मागून आवाज आला, "भाऊ, अजून तपासी ऱ्हायना का? ऊठ, गाडी उभी शे."

उठलो.