दादाच्या सहीचं शिफारसपत्र

माझ्याकडे हल्ली मुलं निबंध घेऊन येतात. बिझनेस स्कूलला अर्ज करताना लिहावे लागतात ते निबंध. तुम्ही कोण, आजवर काय केलंत, कधी पुढाकार घेतलात, आमच्याच संस्थेत का यायचंय. मी बुलढाण्यात शेतकऱ्यांच्या एका कंपनीत नोकरी करते, आणि ‘त्या ताईंना यातलं समजतं’ अशी हूल कोणीतरी उठवून दिली आहे. मुलं येतात, मी वाचते, आणि बहुतेक जण तोंड पाडून परत जातात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

पहिलं वाक्य कुठल्या तरी थोर माणसाचं उचललेलं असतं. दुसरं असतं, ‘लहानपणापासूनच मला व्यवस्थापनाची आवड होती.’ अरे, लहानपणी तुला लोकांच्या कैऱ्या पाडायची आवड होती, तुझा मामा माझ्या ओळखीचा आहे. त्यानंतर संस्थेच्या वेबसाइटवरचा मजकूर त्यांचा त्यांनाच ऐकवायचा. तुमचं ग्रंथालय मोठं आहे, तुमचे प्राध्यापक नामवंत आहेत. त्यांना हे माहीत नसावं बहुतेक! एकाने तर एका संस्थेसाठी लिहिलेला निबंध दुसरीला पाठवला, आत नाव पहिलीचंच. मी त्याला म्हटलं, लग्नपत्रिकेवर भलत्याच नवरीचं नाव छापून वाटलंस तू.

‘टाळायच्या दहा चुका’ सांगणारे व्हिडिओ या सगळ्यांनी पाहिलेले असतात. मीही पाहिले होते, वही-पेन घेऊन. त्या दहांपैकी एकही चूक मी केली नाही. मी जी केली ती त्यांच्या यादीत नव्हती, कारण यादी करणाऱ्यांना आमच्याकडे सह्या कशा होतात ते ठाऊक नाही. मला प्रवेश मिळाला नाही, हे आधीच सांगून टाकते. यशस्वी माणसाचा सल्ला हवा असेल त्याने इथेच थांबावं.

मोताळ्याला आमचं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. पाटीवर दादाचं नाव, परवानाही त्याच्याच नावावर. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. बी.कॉम. झाल्यावर मी दुकानात बसायला लागले आणि चार वर्षं बसले. आमच्याकडे बाईमाणूस दुकानात काम करत नाही, ‘बसते’. या बसण्यात माल मागवणं, साठा तपासणं, कंपन्यांच्या माणसांशी हुज्जत घालणं आणि कोणतं औषध किती पाण्यात टाकायचं ते शेतकऱ्याला तीनदा समजावणं, एवढं सगळं येत होतं. दादा सकाळी अगरबत्ती लावायचा आणि मग दिवसभर आल्यागेल्याशी बोलायचा. त्याचं तोंड गोड आहे, माझं नाही. गिऱ्हाईक त्याच्यामुळे टिकायचं, हेही खरं आहे. खरं ते सांगायला मला जड जात नाही.

दुकानातल्या माझ्या तिसऱ्या वर्षी सोयाबीनचा एक लॉट उगवलाच नाही. आठवडा झाला तरी वावरात चार कोंब इकडे, दोन तिकडे. लोक रिकाम्या पिशव्या घेऊन दुकानापुढे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दादा सुलतानपूरला सासुरवाडीला निघून गेला आणि त्याने फोन बंद ठेवला. बायको सासरी आणि नवरा तिच्या माहेरी, असं फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

मी एक रजिस्टर काढलं. एकेचाळीस शेतकरी होते. प्रत्येकाच्या वावरात गेले. पिशवीचा टॅग, लॉट नंबर, पेरणीची तारीख, एका ओळीत किती कोंब वर आले, सगळं लिहून काढलं. कृषी अधिकाऱ्यांच्या मागे लागून पंचनामे करून घेतले. मग ते रजिस्टर पिशवीत घालून एसटीने अकोल्याला गेले आणि कंपनीच्या ऑफिसात बाकड्यावर जाऊन बसले. दोन दिवस कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबाने रजिस्टर उघडलं, चार पानं पाहिली आणि बियाणं बदलून द्यायला कबूल झाला. लोकांची दुबार पेरणी वेळेत झाली.

दादा परत आला. शेगावला जाऊन दर्शन घेतलं, पेढे आणले, ‘महाराजांनी वाचवलं’ म्हणाला. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण श्रावणात लोकांनी त्याला शाल-श्रीफळ दिलं, त्याने ते घेतलं, आणि वर भाषणही ठोकलं, की मी तुमच्यासाठी रात्रीचा दिवस केला. मी मागे चहा गाळत होते. ज्यांच्या वावरात मी चिखल तुडवला होता ते सगळे समोर बसून टाळ्या वाजवत होते. एक माणूस गालात हसलासुद्धा नाही.

मला त्या घरातून आणि त्या दुकानातून निघायचं होतं. मोठा पगार, शहर, त्या गोष्टी नंतरच्या. मी केलेलं काम माझ्या नावावर राहील अशा जागी मला जायचं होतं. बिझनेस स्कूल ही मला दिसलेली एकच वाट होती. परीक्षेचे गुण चांगले आले. राहिले निबंध.

‘तुम्ही नेतृत्व केल्याचा एक प्रसंग लिहा.’ मी सोयाबीनचाच लिहिला. आणि काय लिहिला! ‘वडिलांच्या आशीर्वादाने आणि मोठ्या भावाच्या मार्गदर्शनाखाली आमच्या कुटुंबाने हे संकट निवारलं.’ कोणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. हात आपोआप तसा चालला. पुण्याचा एक सल्लागार फी घेऊन ऑनलाइन निबंध तपासायचा, त्याला दाखवला. तो म्हणाला, “मॅडम, भावाला प्रवेश द्यायचाय का? यात तुम्ही कुठे आहात?” एवढं एकच वाक्य त्याने फीच्या लायकीचं म्हटलं. पुढे विचारतो, “तुमच्याकडे कंदिलाखाली अभ्यास वगैरे केला असेल ना?” मी म्हटलं, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. त्याचा चेहरा पडला. त्याला माझी कीव यायला हवी होती आणि ती येत नव्हती, म्हणून तो बिचारा अडला होता. मी पुन्हा त्याच्या नादी लागले नाही.

निबंध मी नव्याने लिहिला. सगळा खरा. दादा गावात नव्हता, एवढंच त्याच्याबद्दल लिहिलं, कुठे होता ते लिहिलं नाही. पण अर्जाला आणखी एक कागद लागत होता. तुम्ही ज्याच्या हाताखाली काम केलं त्याचं शिफारसपत्र.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. दाखला असो, वर्तणुकीचं पत्र असो, सरपंचाचं पत्र असो, ज्याला हवं त्याने लिहून न्यायचं आणि मोठ्या माणसाने सही करायची. वाचायचं नाही. वाचलं तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. माझ्या मुख्याध्यापकांनी मला ‘सुशील आणि कष्टाळू’ म्हटलं होतं, ते शब्दही माझेच. त्यामुळे मी दादाकडे कागद नेला तेव्हा त्याने पेन आधीच काढून ठेवलं होतं.

“काय लिवलं?” त्याने विचारलं.

“चांगलंच लिवलं.”

“मंग ठीक आहे,” म्हणाला, आणि सही करून शिक्का मारला.

पत्र इंग्रजीत होतं. त्यात असं होतं, की माझ्या अनुपस्थितीत दुकानाची सगळी जबाबदारी माझ्या बहिणीने घेतली आणि एकेचाळीस शेतकऱ्यांना बियाणं बदलून मिळालं ते तिच्यामुळे. ओळ न् ओळ खरी. फक्त ज्याच्या तोंडी मी ती घातली होती त्याला ती ठाऊक नव्हती. मी वाचून दाखवू शकले असते. दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर त्याने सही केली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. मी धूर्तपणा केला. वर तो फार हुशारीचा वाटला मला.

निबंध त्यांना आवडला. मुलाखतीला बोलावलं, तीही बरी झाली. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, शिफारस करणाऱ्यांना आमच्या ऑफिसातून एक फोन जाईल, नेहमीची पद्धत आहे. मी घरी येऊन दादाला सांगितलं, फोन आला तर पत्रात आहे तेच सांग. तो म्हणाला, “हाव हाव.” पत्रात काय आहे ते त्याने तेव्हाही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

फोन आला तो बाजाराच्या दिवशी. दुकान भरलेलं. बाबा कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, बाकड्यावर पाच-सहा शेतकरी, मी आत बिलं करत होते. हिंदी बोलणारा साहेब आहे म्हटल्यावर दादाने फोन स्पीकरवर टाकला. मोठ्या माणसाचा फोन आला की तो लोकांना ऐकवतो, ती त्याची जुनी खोड आहे.

“हाँ सर, बोलो सर. मेरी ही बहन है. एकदम संस्कारी लडकी है.”

पलीकडच्याने विचारलं, आपने लिखा है कि बीज के मामले में सारा काम इन्होंने सँभाला, उसके बारे में कुछ बताइए.

दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाकड्यावरच्या माणसांकडे पाहिलं.

“नहीं नहीं सर,” तो हसत म्हणाला, “वो तो मैंने किया था. दुकान मैं ही देखता हूँ. वो तो घर में रहती है, कभी-कभार बैठती है.”

बाकड्यावर बसलेल्यांपैकी तिघांची नावं माझ्या रजिस्टरात होती. एकाने पायातली चप्पल नीट केली. बाबांनी पेपरचं पान उलटलं. मी पेन हातात धरून तशीच बसून राहिले. पलीकडचा माणूस ‘धन्यवाद’ म्हणाला आणि फोन बंद झाला. सगळं मिळून दोन मिनिटांत उरकलं.

गर्दी ओसरल्यावर मी दादापुढे जाऊन उभी राहिले. “काऊन सांगतलं असं?”

“मंग काय सांगू? लोकायसमोर सांगू, का मी सुलतानपूरले लपून बसलो होतो अन् पोरीनं दुकान वाचवलं?”

“हाव. तेच सांगायचं होतं.”

“अन् वावरा-वावरानं फिरते म्हटल्यावर तुले पाहाले कोण येईन?”

“मले पाहाले कोणी यावं म्हणून मी अर्ज नाही केला, दादा.”

तेव्हा तो चिडला. “मले खोटं पाडाचं होतं तं तोंडावर पाडाचं. माह्याच सहीनं काऊन पाडतं? मले वाचून दाखवलं काय तू?”

वाचून दाखवलं नव्हतं, हे खरंच होतं. बाबा म्हणाले, “जाऊ द्या, घरातली गोष्ट आहे.” आमच्या घरात जे जे माझं गेलं ते याच वाक्याने गेलं.

पंधरा दिवसांनी मेल आला. तुम्ही दिलेल्या माहितीची खातरजमा होऊ शकली नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. म्हणजे त्यांच्या लेखी मी खोटारडी ठरले, सगळ्या अर्जात एक शब्द खोटा न लिहिता. मला दादाचा राग आला, अजूनही आहे. राखी मी कुरिअरने पाठवते.

त्यानंतर मी दुकानात गेले नाही. पुढच्या हंगामाच्या तोंडावर माझ्या मोबाइलवर फोन आला. रजिस्टरातल्या त्या तिघांपैकी, बाकड्यावर चप्पल नीट करणारे काका होते. नवीन पिशवीतल्या बियाण्याबद्दल त्यांना शंका होती, पेरायच्या आधी उगवण तपासून पाहायची होती.

“ताई, तुमी येता काय जरा?”

“दादाले विचारा,” मी म्हटलं. “दुकान तोच पाह्यते.”

“त्याले काय समजते, ताई? मागच्या टायमालेबी तुमीच केलं होतं सारं. आमाले मालूम नाही काय?”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. “मालूम होतं नं, काका? मंग त्या दिवशी फोन चालू होता तं काऊन नाही बोलले? तुमच्यासमोर माह्यं सारं गेलं अन् तुमी चप्पल नीट करत बसले!”

काका अगदी साध्या आवाजात म्हणाले, “ताई, तुमी सोता तिथंच बसल्या होत्या. फोन तुमच्यासाठी होता. तुमीच नाही बोलल्या, मंग आमी काय बोलाव?”

मला त्यांचाही संताप आला. एक शब्द ते खोटा बोलले नव्हते.