आवाज नसलेला स्पिंडल

काळेवाडीत मला खोली मिळाली ती मावशीमुळे. मावशी म्हणजे घरमालकीण. वर ती एकटी राहते, खाली मी. लातूरकडून आलेल्या, नववीतच शाळा सुटलेल्या एकट्या माणसाला इथं कुणी पटकन दार उघडत नाही. तिनं उघडलं, आणि नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "जेवलास का?" ते मी विसरलेलो नाही. म्हणून तिच्या कपाळाला आठी पडली की मी आधी माझंच काय चुकलं ते शोधतो.

आठी पडली ती मशीनवरून. चाकणला कंपनीत मी मोठ्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणाऱ्या मशीनवर असतो. तिथं जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा. स्वतःच्या मनानं काहीतरी कोरावं म्हणून टेबलावर मावेल असं एक छोटं मशीन जुन्यात घेतलं. लाकडावर वेलबुट्टी, दारावरच्या पाट्या, असलं काहीबाही. त्याचा स्पिंडल, म्हणजे कटर धरून गरागरा फिरवणारा नळकांड्यासारखा भाग, हवेवर थंड होणारा होता. त्याच्या डोक्यावरच पंखा. स्पिंडल जितका जोरात, तितका पंखा जोरात. कटर लाकडाला टेकायच्या आधीच आवाज भिंतीतून वर चढायचा.

पहिल्याच सुट्टीला मावशी दारात उभी.

"काय रं, आत कोण रडतंय?"

"मशीन आहे, मावशी."

"मशीन न्हाई ते. बाईमाणूस हाय त्यात. आधी हुंदका देती, मग गळा काढती."

मी हसलो. ती हसली नाही. आणि त्या दिवसापासून मलाही ते तसंच ऐकू यायला लागलं. वेग वाढवताना मध्येच आवाज जरा अडखळायचा, तो हुंदका. मग तो लांबच लांब सूर. मशीन बंद केल्यावरही थोडा वेळ खोलीत कुणीतरी नाक ओढत बसल्यासारखं वाटायचं.

गणपती उठल्यावर तिनं सरळच सांगितलं, "दुपारची जरा पडते, तर उशीतनं ऐकू येतं. एक तर ते रडं घालीव, न्हाईतर दुसरी खोली बघ, बाबा. मला सोसंना."

दुसरी खोली कुठून आणू? मशीनसकट मला कोण ठेवून घेणार? कंपनीच्या बसमध्ये मी शेजारच्या जोडीदाराला विचारलं. त्याच्याकडेही असंच हौसेचं मशीन आहे.

"पाण्याचा स्पिंडल घे राव. बादलीत पंप टाकायचा, दोन नळ्या जोडायच्या, पाणी फिरत राहतं. पंखाच नाही म्हटल्यावर आवाज कशाचा?"

"पंप बंद पडला तर?"

"स्पिंडल जळंल."

"नळी गळाली तर? पाण्याला शेवाळ धरलं तर?"

"भावा, तू स्पिंडल घेतोयस का लग्न करतोयस?"

खरं तर माझ्या मनातून हवेचाच बरा होता. बादली नको, नळ्या नकोत, त्याचं तो बघतो. चिंता करणाऱ्या माणसानं चिंतेच्या वस्तू कमी ठेवाव्यात. पण डोक्यावरचं छप्पर मावशीचं होतं. मी पाण्याचा घेतला.

तो बसवून झाला नेमका खंडेनवमीच्या दिवशी. कंपनीत सकाळी मशीनची पूजा झाली, पेढा मिळाला, लवकर सोडलं. घरी येऊन मी नळ्या जोडल्या. नवीन बेअरिंग मुरावं म्हणून स्पिंडल आधी काही वेळ काहीही न कापता, हळू वेगावर फिरवायचा असतो. थांबल्यावर त्यालाही झेंडूची माळ घालू, असा विचार करून मी तो चालू केला.

काहीच झालं नाही.

बादलीतल्या पंपाची बारीक घरघर, नळीतून सरकणारे बुडबुडे, एवढंच. खिडकीला लागून पलीकडची भिंत असल्यानं खोलीत दिवसाही ट्यूब लावावी लागते. तिच्या उजेडात कटर धरणारा नट स्वच्छ दिसत होता. उभा. त्याच्या कडा मोजता याव्यात इतका स्तब्ध उभा. पण ड्राइव्हवर, म्हणजे वेग ठरवणाऱ्या डब्यावर आकडा दाखवत होता की तो फिरतोय. मी वाकून बघत राहिलो, आणि तो नट हळूच उलट्या बाजूला वळू लागला. कुणीतरी दोन बोटांत धरून सावकाश फिरवावा तसा. थोडा वळून पुन्हा थांबला.

मी दोन पावलं मागं सरलो. बादलीत पाणी कमी दिसलं, ते निमित्त पुरलं. स्पिंडल तसाच फिरता ठेवून, कळशी घेऊन मी बाहेर नळावर गेलो.

परत आलो तर मावशी आत. हातात ताम्हण. तिचे यजमान कंपनीत होते, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक हत्याराला खंडेनवमीला तीच हळदीकुंकू लावते. या दिवशी यंत्र बंद ठेवतात हे तिला पक्कं ठाऊक. आणि रडंही नव्हतं. तिनं झेंडूचं फूल पाण्यात बुडवलं, मशीनवर शिंपडलं, आणि तेच फूल त्या उभ्या कटरला लावायला हात पुढे केला. मागोमाग कुंकवाचं बोट जाणार होतं.

मला ओरडायचं होतं. कळशी टाकून मी आत शिरलो.

फूल नाहीसं झालं. फटकन एवढाच आवाज. तिच्या केसांत, ताम्हणात, माझ्या उघड्या तोंडाजवळ पाकळ्याच पाकळ्या. तिच्या चिमटीत देठ राहिला होता, आणि नट तिच्यासमोर तसाच, निमूट, उभा.

मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. तरी काही बदललं नाही. मग तो उलटा वळला, मग सुलटा, आणि थांबला. म्हणजे थांबला असावा. आम्ही दोघंही बघत होतो आणि दोघांपैकी कुणालाही हात लावून बघायचा धीर नव्हता.

मावशीनं बोटं एकेक करून चाचपली. मी मनात म्हटलं, आता खोली गेली. गेली तर गेली, बोटं आहेत ना, असंही वाटलं.

"ते रडणारं परत लाव," ती म्हणाली.

"पण तुम्हाला त्रास..."

"रडू दे तिला. ती जागी हाय एवढं तरी कळतं."

जोडीदारानं नंतर समजावलं, की ट्यूब सारखी लुकलुकत असते, आपल्याला दिसत नाही. दर लुकलुकीला नट फिरून त्याच ठिकाणी सापडला की उभा वाटतो, जरा मागे सापडला की उलटा वळल्यासारखा. पटलं. पण पटल्यानं अंगावरचा काटा गेला नाही. पाण्याचा स्पिंडल मी त्याला देऊन टाकला.

आता माझ्याकडे हवेचाच आहे. सुट्टीच्या दुपारी तो गळा काढतो आणि मावशी वर निवांत झोपते. जाग तिला येते तो थांबल्यावर. लगेच जिन्यातून हाक, "बंद केलं का रं?" मी "व्हय मावशी" म्हणेपर्यंत ती हाका मारत राहते.

परवा शिफ्ट सुटून आलो. खोलीला माझंच कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आत मेन स्विच पाडलेला. मावशी दाराला कान लावून उभी होती आणि दबक्या आवाजात आत विचारत होती, "बंद हाईस न्हवं?"

मी पायरीवरच थांबलो. तिच्यासारखाच मीही ऐकत राहिलो.