शिळं पाणी

माधवराव आगाशे यांनी एकतीस वर्षं शहराच्या पाण्यात क्लोरीन सोडलं. जलशुद्धीकरण केंद्रात पाळीवर गेले की आधी ते पाण्याचा पेला नाकाशी धरत. तो ओळखीचा उग्र वास आला की मगच वहीत सही. निवृत्तीनंतर पेठेतली भाड्याची जागा सोडून ते मुलाच्या, तेजसच्या, धायरीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, पण पाण्याचा नेम काही सुटला नाही. सकाळी नळ आला की कालचं पाणी शिळं म्हणून ओतायचं, हंडा घासायचा, ताजं भरायचं. हे आधी त्यांची आई करायची, मग पत्नी करायची. पत्नी गेल्यावर ते करू लागले.

तेजसला कंपनीने सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं आणि घरात दोघंच उरली, माधवराव आणि सून रुपाली. ती यवतमाळची, नोकरीला हिंजवडीत. दोघांचं वाकडं काही नव्हतं. बोलणं मात्र "किल्ली घेतलीस?" आणि "घेतली, बाबा" एवढ्यावर संपायचं. महिन्याभरात रुपालीने हॉलमध्ये काचेची टाकी आणि दोन सोनेरी मासे आणले. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली की खांद्यावरची पर्सही न काढता ती टाकीपाशी वाकायची. "काय बा, जेवले का तुम्ही?" लग्नानंतर जपूनजपून बोलणाऱ्या या मुलीचा माहेरचा हेल माधवरावांनी पहिल्यांदा ऐकला तो असा, माशांशी बोलताना. पेपर वाचायचं निमित्त करून ते तो रोज ऐकत.

मग तिला चार दिवस बंगळूरला जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "बाबा, सकाळी फक्त चिमूटभर दाणे टाका. बाकी काही करू नका."

नेमकं काही न करणंच माधवरावांना अवघड होतं. तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी त्यांना गढूळ वाटलं. त्यात बाल्कनीत ताटलीखाली झाकलेली एक बादली दिसली, कधीची भरलेली कोण जाणे. ती त्यांनी मोरीत ओतली. मासे पातेल्यात काढले, टाकी लख्ख घासली, नळाच्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरली आणि मासे परत सोडले. वासही चांगला खणखणीत येत होता. आल्यावर पोरगी खूश होईल, असं त्यांना वाटलं.

अर्ध्या तासात दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. एक कुशीवर कलला. माधवरावांनी घाबरून रुपालीला फोन लावला.

"बाबा, नळाचं घातलंत? आणि बाल्कनीतली बादली?"

"ओतली."

"ती त्यांच्यासाठीच होती. औषध उडून जायला दोन दिवस पाणी उघडं ठेवते मी, वर नुसती जाळीची ताटली. कुठूनतरी शिळं पाणी बघा, बाबा. लवकर."

उघड्या पाण्यातून क्लोरीन उडतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण एकतीस वर्षं त्यांनी पाणी पिणाऱ्यांचा विचार केला होता, पाण्यात राहणाऱ्यांचा नव्हे.

मासे पुन्हा पातेल्यात, तळाशी उरलेल्या टाकीच्या घोटभर जुन्या पाण्यात ठेवून ते समोरच्या उल्काताईंकडे गेले.

"शिळं पाणी? आमच्याकडे?" उल्काताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आगाशे, आमचं घर तुम्हाला कसलं वाटलं?"

खालच्या मजल्यावर बापूराव म्हणाले, "शिळी पोळी आहे. चालेल?"

तीन मजले उतरून झाले. सगळ्यांचे हंडे सकाळीच घासून ताजे भरलेले. फाटकाजवळ पत्र्याच्या खोलीत वॉचमनची बायको दुर्गाबाई भांडी घासत होती. तिला विचारताना माधवरावांचा आवाज पडला होता.

"आमाला कुठं रोज नळ हाय, भाऊ?" ती म्हणाली. "दोन दिसांनी पिंप भरून घेतो. हे परवाचं हाय."

माधवरावांनी पेला बुडवून नाकाशी धरला. वास नव्हता. कसलाच वास नव्हता. एवढं समाधान त्यांना आजवर कुठल्या पेल्याने दिलं नव्हतं.

"माशांसाठी हवंय," ते म्हणाले.

"मासळीला व्हय? मग न्या की," दुर्गाबाई म्हणाली. "म्हटलं प्यायला मागताय का काय."

दोन बादल्या घेऊन ते जिना चढले तोवर एक मासा गेला होता. दुसऱ्याने दुपारी कल्ले नीट हलवले. माधवराव त्याच्यासमोरून उठले नाहीत. संध्याकाळी त्यांनी रुपालीला फोन करून एक मासा गेल्याचं सांगितलं, आणि "चूक माझी" असंही. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुपाली आली. बराच वेळ टाकीपाशी वाकून राहिली, पण बोलली नाही. मग बाल्कनीत गेली. कढीपत्त्याच्या कुंडीतली माती नव्याने उकरून सारखी केलेली होती. शेजारी जाळीच्या ताटल्यांखाली दोन बादल्या, त्यांवर चिठ्ठ्या: 'बुधवार, संध्याकाळी ६.१०', 'गुरुवार, सकाळी ६.०५'. आणि प्रत्येकीखाली सही.

ती आत आली. माधवरावांच्या हातात पेपर होता, पण पान मघापासून तेच होतं.

रुपाली टाकीवर वाकली. "काय बा, जेवले का तुम्ही?"

मग तशीच वाकलेली, मान वळवून, त्याच हेलात म्हणाली, "आणि तुम्ही, बाबा? जेवले का?"

"कालपासून नाही गं," माधवराव म्हणाले.